आरसी बग्गीचं किट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९८४ साली दोन रेडिओ कंट्रोल बग्गी बाजारात आल्या. जपानमधल्या शिझुओकाच्या टामिया कंपनीची ‘ग्रासहॉपर’ प्लास्टिकची, साधी आणि शाळकरी मुलालाही जोडता येईल अशी होती. कॅलिफोर्नियातल्या टीम असोसिएटेडची ‘आरसी१०’ थेट शर्यतीसाठी घडवलेली होती. तिची चासी ॲल्युमिनियमची होती, शॉक ॲब्सॉर्बर तेलाचे होते. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेल मार इथं १:१० प्रमाणाच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा टू-व्हील-ड्राइव्ह गटाचं विजेतेपद आरसी१०नं मिळवलं.

आजही किटं याच दोन जातींची मिळतात: मौजेची आणि शर्यतीची. दोन्हींच्या खोक्यात गाडी नसते. असतात ते स्क्रूच्या पुड्या, प्लास्टिकच्या फ्रेमला चिकटलेले भाग आणि एक माहितीपुस्तिका. किट म्हणजे मुद्दाम अपुरी ठेवलेली गाडी. तिला तयार वस्तू समजून दुकानात गेलं, की पुढचे बहुतेक गैरसमज तिथंच सुरू होतात.

गैरसमज १: किटची ‘हॉबी ग्रेड’ गाडी म्हणजे रिमोटचीच गाडी, फक्त महाग.

वस्तुस्थिती: खरा फरक दुरुस्तीचा आहे. खेळण्यातल्या गाडीत मोटर, सर्किट आणि स्टिअरिंग एकाच साच्यात बसवलेलं असतं. त्यातलं एक बिघडलं की सगळी गाडी माळ्यावर जाते. हॉबी ग्रेड गाडीत मोटर, स्पीड कंट्रोलर म्हणजे ईएससी, स्टिअरिंग वळवणारा सर्व्हो आणि रिसीव्हर हे सगळे वेगवेगळे असतात. पुढच्या चाकाचा आर्म तुटला तर फक्त आर्मच घ्यायचा. त्याचा पार्ट नंबर पुस्तिकेत छापलेला असतो. म्हणून मॉडेल निवडताना वेगाचे आकडे नंतर पाहा. या गाडीचे आर्म, गिअर आणि ॲक्सल आपल्याकडे सहज मिळतात का, हे दुकानदाराला आधी विचारा. सुटे भाग मिळत नसलेली उत्तम गाडी पहिल्या अपघातानंतर शोभेची होते.

गैरसमज २: खोक्यावरची किंमत हाच खर्च.

वस्तुस्थिती: टामियाच्या मौजेच्या किटांत साधारणपणे मोटर, टायर आणि बॉडी येते, काहींत ईएससीही येतो. ट्रान्समीटर, रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी, चार्जर आणि रंग वेगळे घ्यावे लागतात. शर्यतीच्या किटांत तर बहुधा मोटर, ईएससी, पिनियन म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर आणि टायरसुद्धा नसतात. कारण प्रत्येक स्पर्धकाला ते आपल्या मैदानाप्रमाणे निवडायचे असतात. शर्यतीचं किट घेणाऱ्याला म्हणूनच बाकीच्या सामानासाठी किटच्या किमतीइतकी किंवा त्याहून जास्त रक्कम बाजूला ठेवावी लागते.

परदेशातून मागवणाऱ्यांचा आणखी एक हिशेब चुकतो. भारतात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेलं गेलं. हे दर बदलत राहतात, त्यामुळे मागवण्याच्या दिवशीचा दर पाहावा. शुल्काची आकारणी वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवून होते आणि त्यावर पुन्हा कर लागतो. परदेशी संकेतस्थळावर स्वस्त दिसणारं किट दारात येईपर्यंत इथल्या दुकानातल्या किमतीला मागं टाकू शकतं. शिवाय लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी हवाई टपालानं पाठवायला अनेक विक्रेते तयार नसतात. ती इथंच घ्यावी.

गैरसमज ३: आधी जोरदार मोटर लावावी.

वस्तुस्थिती: मौजेच्या किटमधली ५४० आकाराची ब्रश मोटर नवशिक्याला पुरून उरते. ब्रशलेस मोटरवर ‘केव्ही’ हा आकडा असतो. तो ताकद सांगत नाही. मोटरवर भार नसताना दर व्होल्टला ती मिनिटाला किती फेरे घेईल, एवढंच त्यातून कळतं. ३,००० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर साधारण २२,२०० फेरे घेईल. ब्रश मोटरच्या ‘टर्न’चं गणित उलटं असतं: टर्न कमी, वेग जास्त.

वेग वाढवायला मोठं पिनियन लावण्याची युक्ती सगळ्यांना सुचते. कमाल वेग वाढतो खरा, पण सुटतानाचा जोर कमी होतो आणि मोटर तापते. पिनियन एकेका दातानं वाढवावं आणि दर वेळी पाच मिनिटं चालवून मोटरचं तापमान पाहावं. ते ८० अंश सेल्सिअसकडे सरकू लागलं तर एक पायरी मागं यावं.

वेगाबद्दल आणखी एक भ्रम आहे. गाडी १:१० आहे, म्हणून तिचा ताशी ५० किलोमीटर वेग म्हणजे खऱ्या गाडीचा ५००, असं कौतुकानं सांगितलं जातं. धडकेच्या हिशेबात हा गुणाकार कुठंच नसतो. दीड किलोची बग्गी ताशी ५० किलोमीटरनं येते, तेव्हा तिच्यात सुमारे १४५ ज्यूल ऊर्जा असते. ताशी १५० किलोमीटरनं टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूतही जवळपास तेवढीच असते. सोसायटीच्या आवारात, लहान मुलांच्या पायांजवळ ही गाडी चालवायची नसते ती याच कारणानं.

गैरसमज ४: घरातला चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर चालतो.

वस्तुस्थिती: जपानी किटांतले चौफुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाप्रमाणे कापलेले असतात. आपल्याकडचा फिलिप्स ड्रायव्हर त्यांत दिसायला बसतो, पण तळापर्यंत टेकत नाही. जोर लावला की तो वर सटकतो आणि स्क्रूचं डोकं खातो. दोन आकारांचे जेआयएस ड्रायव्हर घेतले की हा प्रश्न संपतो. शर्यतीच्या आधुनिक किटांत बहुतेक षटकोनी खाचेचे स्क्रू असतात. त्यांना १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे चांगल्या पोलादाचे ॲलन ड्रायव्हर लागतात.

जोडणीच्या काही सवयी हाताला आधीच लावून घ्याव्यात. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू डोकं टेकलं की थांबवावा. काढलेला स्क्रू पुन्हा लावताना आधी थोडा उलटा फिरवावा; ‘टिक्’ जाणवलं की तो जुन्या आट्यांवर आला, मग सुलटा आवळावा. स्क्रू ढिला होऊ न देणारं थ्रेडलॉक फक्त धातूत धातू जातो तिथं, थेंबभर लावावं. काही प्लास्टिकना त्यानं तडे जातात.

सर्व्होचा हॉर्न, म्हणजे त्याच्या दांड्यावरची पट्टी, बसवायच्या आधी ट्रान्समीटर आणि रिसीव्हर चालू करून सर्व्हो मध्यावर आणावा. नवखे नेमकी हीच पायरी गाळतात. मग गाडी एका बाजूला जास्त वळते, दुसरीकडे कमी, आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. पिनियन आणि त्यानं फिरणारा मोठा स्पर गिअर एकमेकांत बसवताना मध्ये कागदाची पट्टी घालावी, मोटर आवळावी आणि पट्टी फिरवून काढावी. उरलेली किंचित मोकळीक दातांना पुरते.

गैरसमज ५: ॲल्युमिनियमचे भाग लावले की गाडी तुटत नाही.

वस्तुस्थिती: प्लास्टिकचा आर्म धडक बसली की वाकतो, परत सरळ होतो, फारच झालं तर तुटतो. तो स्वस्त असतो. ॲल्युमिनियमचा आर्म धडक पुढं ढकलतो आणि मग जे मोडतं ते चासीचं टोक किंवा गिअरबॉक्स असतो. तो स्वतः वाकला तर परत सरळ होत नाही, आणि चाकाचे कोन बिघडूनच गाडी धावत राहते. धातूचे भाग काही ठिकाणी उपयोगाचे असतात, पण ते सगळीकडे लावू नयेत. निम्म्या पैशांत खरी सुधारणा हवी असेल तर बॉल बेअरिंग घ्यावीत. मौजेच्या अनेक किटांत चाकांना आणि गिअरबॉक्सला प्लास्टिकच्या बुश दिलेल्या असतात. त्या बदलल्या की घर्षण कमी होतं, गाडी मोकळी पळते, बॅटरीही थोडी जास्त टिकते. जोडणी चालू असतानाच बेअरिंग बसवावीत, म्हणजे गिअरबॉक्स दोनदा उघडावा लागत नाही.

गैरसमज ६: लिपो बॅटरी कधीही फुटते, तिच्या वाटेला जाऊ नये.

वस्तुस्थिती: लिपो धोकादायक ठरते ती नियम मोडल्यावर. तिच्या एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. दोन सेलची बॅटरी म्हणून ७.४ व्होल्टची म्हणतात आणि ती भरल्यावर ८.४ दाखवते. सेल ३ व्होल्टखाली गेला की बिघडतो, म्हणून ईएससीमध्ये लिपोसाठी कट-ऑफ असावा लागतो आणि तो चालू केलेला असावा लागतो. निमएच (निकेल मेटल हायड्राइड) बॅटरीसाठी बनलेल्या जुन्या ईएससीत तो नसतो. लिपोचे बरेच अपघात होतात ते लिपो आणि अशा ईएससीच्या जोडीमुळे आणि चुकीच्या चार्जरमुळे.

चार्जर बॅलन्स करणारा, म्हणजे प्रत्येक सेल वेगळा मोजणारा असावा. ५,००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरनं भरावी. चार्जिंग चालू असताना घरातून बाहेर जाऊ नये. आठवडाभर गाडी काढायची नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावेत. बहुतेक चार्जरवर त्यासाठी ‘स्टोरेज’ पर्याय असतो. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. विमानानं जाताना सुटी लिपो चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेत न्यावी लागते. एवढी काळजी जमणार नसेल तर ७.२ व्होल्टची निमएच घ्यावी. गाडी थोडी मंद धावेल, पण ही बॅटरी चुका जास्त सोसते.

गैरसमज ७: सस्पेन्शन जितकं कडक, गाडी तितकी स्थिर.

वस्तुस्थिती: गुळगुळीत गालिच्यावर हे बऱ्याच अंशी खरं आहे. आपल्याकडच्या खडबडीत मैदानावर कडक गाडी उड्या मारते, टायर जमिनीवर टिकत नाहीत आणि वळणावर मागचा भाग निसटतो. शॉकमधल्या सिलिकॉन तेलाचा आकडा मोठा म्हणजे तेल जाड. उष्णतेनं ते पातळ होतं, म्हणून नागपूरच्या मे महिन्यात हिवाळ्यापेक्षा एक आकडा जाड तेल घालावं लागू शकतं. शॉक भरल्यावर पिस्टन हळूहळू वरखाली करून हवेचे सगळे बुडबुडे बाहेर काढावेत. डावा आणि उजवा शॉक दाबून परत येण्याची गती सारखी झाली की मगच गाडीला लावावेत.

सेटअप ठराविक क्रमानं करावा. आधी जमिनीपासूनची उंची पाहावी: बॅटरीसह गाडी वीतभर वरून सोडावी आणि ती बसल्यावर दोन्ही बाजूंचे आर्म सारखे दिसतात का ते बघावं. मग कॅम्बर, म्हणजे चाकांचा वरच्या टोकाचा आतला कल, साधारण १ ते २ अंश ठेवावा. टू-व्हील-ड्राइव्ह बग्गीच्या मागच्या चाकांना बहुधा ३ अंशांचा टो-इन, म्हणजे चाकांच्या पुढच्या टोकाचा आतला कल, असतो. तो बदलू नये. त्यानंतर टायर. खरं तर पकड सर्वांत जास्त ठरते ती टायरवरच: भुसभुशीत मातीला उंच काट्यांचे, टणक मातीला छोट्या काट्यांचे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत टिपून ठेवावी. एकदम तीन गोष्टी बदलणाऱ्याला गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कळत नाही.

गैरसमज ८: बॉडी बाहेरून रंगवायची.

वस्तुस्थिती: पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवतात. तसं केलं की खरचटण्याचा ओरखडा बाहेरच्या प्लास्टिकवर पडतो, रंगावर नाही. त्यासाठी पॉलिकार्बोनेटचाच रंग लागतो; टामियाच्या डब्यांवर तो ‘पीएस’ अक्षरांनी ओळखावा. ‘टीएस’ रंग कडक प्लास्टिकसाठी असतात, वाकणाऱ्या बॉडीवरून त्यांचे पापुद्रे निघतात. ग्रासहॉपरची बॉडी मात्र कडक प्लास्टिकची असल्यामुळे ती बाहेरूनच रंगवतात. किट कोणतं आहे ते पाहूनच डबा घ्यावा.

गैरसमज ९: ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय, म्हणजे पावसात चालेल.

वस्तुस्थिती: हा शब्द बहुधा ईएससी आणि सर्व्होपुरता असतो. बेअरिंग पोलादाची असतात आणि पाण्यानं गंजतात. शर्यतीसाठी घेतलेले ईएससी तर सहसा वॉटरप्रूफ नसतातच. पावसाळ्यात चालवलीच, तर त्याच दिवशी चिखल ब्रशनं काढावा, गाडी वाऱ्यावर सुकवावी आणि बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब सोडावा.

गैरसमज १०: ड्रोनसारखी या गाडीचीही नोंदणी करावी लागते.

वस्तुस्थिती: २०२१ चे ड्रोन नियम उडणाऱ्या मानवरहित यंत्रांना लागू आहेत, जमिनीवर धावणाऱ्या गाडीला नाहीत. पण याचा अर्थ सार्वजनिक रस्त्यावर चालवावी असा होत नाही. रिक्षाखाली गेलेल्या बग्गीपेक्षा तिला चुकवताना घसरलेला दुचाकीस्वार ही मोठी गोष्ट आहे.

मग पहिली खरेदी कशी करावी? गाडी मौजेच्या जातीची, सुटे भाग मिळणारी. मोटर खोक्यातली. उरलेले पैसे चांगल्या चार्जरवर, योग्य ड्रायव्हरवर आणि बेअरिंगवर. सोबत पुढच्या आर्मची एक जादा जोडी, कारण पहिल्या महिन्यात तुटतात ते तेच. तयार गाडी घेणाऱ्यालाही हे सगळं मिळू शकतं, पण ती मोडल्यावर कुठून उघडायची हे त्याला शोधावं लागतं. किट जोडणाऱ्याला ते आधीच माहीत असतं आणि किटला दिलेल्या जादा पैशांचा आणि वेळाचा मोबदला तो हाच.