स्टोक्सच्या लाटांची पावणेदोनशे वर्षं

सारख्या उंचीच्या, सारख्या अंतराने चालणाऱ्या लाटांचं गणित जॉर्ज स्टोक्स यांनी १८४७ साली मांडलं. माथा टोकदार, खळगा पसरट, आणि उंची वाढली की वेगही किंचित वाढतो. अशी लाट समीकरणांत नेमकी बसते याची सिद्धता १९२०च्या दशकात नेक्रासोव्ह आणि लेव्ही-चिविता यांनी दिली. पण ती टिकते का, हे त्यातून कळत नव्हतं. टिकत असणार, असं गृहीतच धरलेलं होतं.

१९६५मध्ये व्हिटम यांनी हळूहळू बदलत जाणाऱ्या लाटमालांसाठी सरासरीची पद्धत शोधली. त्याच वर्षी लाइटहिल यांनी ती खोल पाण्याला लावली, तेव्हा गृहीतकाला तडा गेला. १९६७ साली ब्रूक बेंजामिन आणि त्यांचे विद्यार्थी जिम फेअर यांचं काम प्रसिद्ध झालं. त्यातली दोन छायाचित्रं मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा वाटतात. इंग्लंडमधल्या एका लांबलचक टाकीत सुमारे २.२ मीटर लांबीच्या लाटा सोडल्या होत्या. लाटा उठवणाऱ्या यंत्राजवळ त्यांच्या रांगा सरळ, एकसारख्या दिसतात. साठेक मीटर पुढे मात्र सगळा विस्कोट. दोष यंत्राचा नव्हता. मूळ वारंवारतेच्या अगदी थोडं खाली-वर असलेल्या क्षीण कंपनांना मुख्य लाट आपली ऊर्जा देते, आणि ती घातांकी वेगाने वाढतात. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या साधारण २२ टक्क्यांहून कमी असेल, तर लाटेच्याच दिशेने येणारी अशी कंपनं वाढत नाहीत. या लाटांसाठी ती मर्यादा जेमतेम अर्धा मीटर.

सोव्हिएत संघात बेस्पालोव्ह आणि तालानोव्ह यांनी १९६६मध्येच तीव्र प्रकाशझोतात हीच अस्थिरता ओळखली होती. झाखारोव्ह यांनी १९६८मध्ये खोल पाण्यातल्या लाटमालेच्या उंचीतले सावकाश बदल सांगणारं अरेषीय श्रोडिंगर समीकरण काढलं; त्यातूनही तीच अस्थिरता निघते.

स्टोक्सच्या लाटा अस्थिर असतात याच्या काटेकोर सिद्धतेला मात्र फार वेळ लागला. मर्यादित खोलीसाठी ब्रिजेस आणि मिल्के, १९९५. अथांग पाण्यासाठी न्युएन आणि स्ट्रॉस, २०२०. पुढे बेर्ती, मास्पेरो आणि व्हेंतुरा यांनी दाखवलं की या अस्थिरतेचा आलेख इंग्रजी आठाच्या आकाराचा असतो. संगणकावर तो आधीच दिसला होता, पण दिसणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे; ही चिकाटी मला मोलाची वाटते.

खुल्या समुद्राचं काय? दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा अलास्कापर्यंत पोहोचतात, हे मोजमाप १९६६मध्येच प्रसिद्ध झालं. मग त्या वाटेत विस्कटत का नाहीत? सेगर आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये एक उत्तर दिलं: घर्षणाने होणारी अगदी थोडी झीजही ही वाढ रोखायला पुरते, मात्र सुरुवातीची कंपनं पुरेशी लहान असावी लागतात.