सव्वानऊ ते साडेनऊ, रेतीच्या हौदापाशी

संपादकांचा प्रश्न सरळ होता. "मुलं सांभाळायला विद्यापीठाची पदवी कशाला लागते? जाऊन बघा." त्यातली खोच त्यांनी लपवली नव्हती. बालवाडीची बाई म्हणजे जिला दुसरं काही जमलं नाही ती, हा समज आपल्या घराघरांत मुरलेला आहे. मेडिकल नाही, इंजिनिअरिंग नाही, निदान बी.कॉम. तरी, आणि सगळ्यात शेवटी गृहविज्ञान. त्या गृहविज्ञानातला 'मानव विकास विभाग' काय शिकवतो, हे त्याच कॉलेजच्या फाटकावरच्या वॉचमनला सांगता येईना. "बालवाडीवाले ना?" म्हणून त्याने मागच्या बैठ्या इमारतीकडे हात केला.

कागदोपत्री या बालवाडीचं नाव 'प्रयोगशाळा बालवाडी'. अडीच ते पाच वर्षांची मुलं, मागे रेतीचा हौद, पाण्याचं टाकं, लाकडी ठोकळ्यांचा कोपरा, भातुकली. भिंतीत एक काच आहे. आतून आरसा, बाहेरून खिडकी. काचेमागच्या अंधाऱ्या बोळात विद्यार्थिनी वह्या घेऊन बसतात. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेल यांनी बाळांचं चित्रण करण्यासाठी घुमटच उभारला होता आणि निरीक्षक अशाच एकीकडून दिसणाऱ्या पडद्याआड बसत. इथल्या मुलांना मात्र काचेचं गुपित केव्हाच कळलेलं आहे. अधूनमधून एखादं नाक तिच्यावर चपटं होतं आणि "ताई, तू आत आहेस?" अशी विचारणा होते.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो दोन वाटांनी आला आणि त्या वाटा अजून नीट मिळालेल्या नाहीत. विद्यापीठाची वाट बडोद्यातून जाते. १९४९मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं, हंसा मेहता कुलगुरू झाल्या आणि गृहविज्ञानाला स्वतंत्र विद्याशाखेचा मान मिळाला. तिथल्या बालविकास विभागाची 'चेतन बालवाडी' विद्यार्थिनींच्या कित्येक पिढ्यांची शाळा ठरली. दुसरी वाट त्याआधीची आणि विद्यापीठाबाहेरची. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत वकिली सोडून आलेले गिजुभाई बधेका मुलांमध्ये रमले होते. १९२३मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाई १९४५मध्ये बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७मध्ये सगळा पसारा कोसबाडच्या टेकडीवर गेला. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेणाऱ्या या बायका. माँटेसरीच्या महागड्या साधनांची गरज त्यांनी शिंपले, बिया, खडे यांवर भागवली. पण मूल काय करतं ते आधी बघायचं, हा धडा दोन्ही वाटांवर एकच होता.

आणि मी अडकलो तो याच बघण्यात.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला वही मिळते. एक मूल निवडायचं, पंधरा मिनिटं पाहायचं, लिहायचं. ज्या विद्यार्थिनीशेजारी मी बसलो होतो तिने सव्वानऊ ते साडेनऊ रेतीच्या हौदापाशी उभ्या असलेल्या एका मुलीला पाहिलं आणि लिहिलं, 'मुलगी लाजाळू आहे. तिला इतरांत मिसळायला आवडत नाही.' तासानंतर वही मॅडमकडे गेली. मॅडम साठीला टेकलेल्या; नाव छापू नका म्हणाल्या. त्यांनी दोन्ही वाक्यांवर लाल रेघ मारली. "हे तुझं मत झालं. तिने केलं काय?"

दुसऱ्या खेपेला वहीत आलं ते असं: 'हौदाच्या कडेला उभी. डाव्या हाताची दोन बोटं तोंडात. रेतीत बोगदा करणाऱ्या दोन मुलांकडे पाहते. बोगदा ढासळला तेव्हा हसली. एक पाऊल पुढे. मुलाने डबा मागितला, तिने पायाशी पडलेला डबा उचलून दिला. पुन्हा मागे.' मॅडमनी रेघ मारली नाही. "आता सांग, लाजाळू कुठेय ही? खेळ शिकतेय. बघून शिकतेय."

याला शास्त्राचा आधार आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या मिल्ड्रेड पार्टेन यांनी नर्सरीतल्या मुलांना एकेक मिनिट पाहण्याची पद्धत वापरली. पाहायचं, नोंदवायचं, पुढच्या मुलाकडे वळायचं, आणि हे दिवसेंदिवस. १९३२मध्ये त्यांनी मांडलेल्या वर्गवारीत एकटं खेळणं आहे, दुसऱ्याच्या शेजारी बसून आपलं आपण खेळणं आहे, मिळून खेळणं आहे. आणि नुसतं उभं राहून पाहणं हाही त्यातला एक प्रकार आहे. आपल्या आत्याबाई ज्याला 'घुमं' म्हणतात, ते पार्टेनबाईंच्या तक्त्यात सन्मानाने बसलेलं आहे.

दुसरी वही तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीची होती. एक मुलगा मारतो, अशी बालवाडीच्या ताईंची तक्रार होती. तिने प्रत्येक वेळी तीन रकाने भरले: आधी काय, मारताना काय, नंतर काय. पानं भरत गेली तसं दिसू लागलं, की मार जवळजवळ दर वेळी हात धुवायच्या रांगेत बसतो. अरुंद दार, मागून ढकलाढकली, आणि या मुलाला अंगाला अंग लागलेलं सोसत नाही. रांग मोडून मुलांना तिघातिघांनी पाठवायला सुरुवात केली आणि तक्रारी उतरल्या. मुलाला कुणी समज दिली नाही की घरी चिठ्ठी गेली नाही. दार अरुंद आहे, एवढं कुणीतरी लिहून काढलं.

बाकीचा अभ्यासक्रमही हलका नाही. आहारशास्त्र आहे, भाषा कशी उगवते ते आहे, अपंगत्वाची लवकर दिसणारी चिन्हं आहेत, पालकांशी बोलण्याचं प्रात्यक्षिक आहे. आकड्यांआधीचं गणित आहे: वर्गीकरण, क्रम लावणं, एका ताटलीला एक वाटी. वयाच्या तिसऱ्या वर्षी मुलाच्या हातात पेन्सिल का देऊ नये, हे सांगताना मॅडमनी मनगटाचा एक्स-रे उजेडात धरला. जन्मतः मनगटाची आठही हाडं कूर्चेची असतात. ती एकेक करत पक्की होतात आणि शेवटचं हाड साधारण नवव्या ते बाराव्या वर्षी दिसू लागतं. "अ आ ई गिरवून घेणाऱ्या आयांना मी हाच एक्स-रे दाखवते," त्या म्हणाल्या. "दोन दिवस परिणाम टिकतो."

एवढं सगळं शिकून या मुली जातात कुठे? हा प्रश्न विचारला आणि स्टाफरूम गप्प झाली. बालवाडीत फारच थोड्या जातात. समुपदेशन, स्वयंसेवी संस्था, मुलांच्या अॅपसाठी मजकूर लिहिणं, नाहीतर बी.एड. करून मोठ्या वर्गांना शिकवणं. गल्लीबोळातल्या नर्सरीला पदवी नको असते. इंग्रजी हवं असतं आणि पगार थोडक्यात भागायला हवा असतो. त्या नर्सरीवर कुणाचा धाक असावा, तर तोही पुरेसा नाही. २००९चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. सहाच्या आतल्यांसाठी सरकारने व्यवस्था 'करावी' असं नाही, 'करू शकेल' असं त्यात म्हटलं आहे. २००२च्या घटनादुरुस्तीनेही त्यांच्या वाट्याला हक्क दिला नाही, प्रयत्नांचं आश्वासन दिलं.

राहिली अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून सुरू झालेली ही योजना आज जवळपास १४ लाख केंद्रांवर पोचली आहे. देशातल्या गरीब मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण म्हणजे व्यवहारात हीच. पण शिक्षण हे तिच्या सहा कामांपैकी एक. एक सेविका, एक मदतनीस, एका खोलीत तीन ते सहा वर्षांची सगळी मुलं. शिवाय आहार, वजनं, लसीकरण, गरोदर बायकांच्या भेटी, मोबाइलवरच्या नोंदी. पंधरा मिनिटं एकाच मुलाकडे पाहायचं म्हटलं तर डाळ करपेल.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वयाचा पायाभूत टप्पा शालेय रचनेत आणला, ही मोठी गोष्ट झाली. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका, असंही त्यात आहे. पण ते बव्हंशी दूरशिक्षणाने, काम सांभाळून करायचं. मॅडमना धास्ती वाटते ती इथेच. लाल रेघ दुरून मारता येत नाही. मूल आणि वही दोन्ही एका वेळी समोर असतील तरच चूक दिसते.

धोरणाच्या भाषणांत अमेरिकेतल्या इप्सिलांटी गावच्या पेरी बालवाडीचा दाखला हमखास असतो. १९६०च्या दशकात १२३ गरीब मुलांवर झालेला तो प्रयोग. बालवाडीत गेलेली मुलं पुढे चाळिशीपर्यंत तपासली तेव्हा न गेलेल्यांपेक्षा शिक्षणात आणि कमाईत पुढे होती. खर्चलेल्या डॉलरला किती परत मिळाले, हे वक्ते हौसेने सांगतात. तिथे पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला मुलाच्या घरी जात असे, हे सांगायला वेळ उरत नाही.

आणि मोबदला? केंद्र सरकार अंगणवाडी सेविकेला जे देतं त्याला पगार नव्हे, मानधन म्हणतात. ऑक्टोबर २०१८पासून ते महिना ४,५०० रुपये ठरलं. राज्यं आपापली भर घालतात. या बायकांना ग्रॅच्युइटी लागू आहे, हे ठरायला एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. खटला गुजरातमधून गेला होता, म्हणजे ज्या राज्यात बालविकासाचा विभाग सत्तरहून अधिक वर्षं पदव्या देतो आहे तिथून.

संपादकांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: पदवी मुलं सांभाळायला लागत नाही, त्यांच्याबद्दल घाईने मत न बनवायला लागते. ते आपोआप येत नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं रेघा माराव्या लागतात.

वाचकांपैकी ज्यांची नातवंडं-मुलं येत्या जूनला नर्सरीत जाणार आहेत, त्यांना एक विनंती. एसी आहे का, इंग्रजी कधीपासून, हे विचाराच. पण पंधरा दिवसांनी बाईंना गाठून आणखी एक विचारा: "काल आमचं पोर काय करत होतं?" 'हुशार आहे', 'मस्तीखोर आहे' असं उत्तर आलं, तर पुन्हा विचारा.