परक्या शिवारांतून जातांना

भाद्रपदांतील सकाळ. कळसूबाईच्या पायथ्याशीं, बारी गांवाच्या वरच्या अंगाला, भाताचीं खाचरें पाण्यानें तुडुंब भरलेलीं असतात आणि धुक्यामुळें दहा हातांपलीकडचें कांहीं दिसत नाहीं. मुंबईहून किंवा पुण्याहून आलेला एखादा वाटसरू मळलेली पायवाट सोडतो, जवळची वाट म्हणून एका बांधावर चढतो, आणि बांधाची ओली कड त्याच्या बुटाखालीं ढासळते. तोंच वरच्या खाचरांतून आरोळी येते, "ए भाऊ! खाली उतर! बांध फुटला की!" वाटसरू दचकतो. आपण चोरी केली नाहीं, कोणाचें कांहीं उपटलें नाहीं, मग हा मनुष्य इतका कां खवळला, असें त्याला वाटतें. ज्याला बांध आणि रस्ता यांतला फरक कळत नाहीं त्याला सांगून तरी काय समजणार, असें शेतकऱ्याला वाटतें. दोघेहि आपापल्या परीनें खरे असतात, आणि म्हणूनच भांडण लवकर मिटत नाहीं.

अहमदनगर जिल्हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. २०२४ सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें. त्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यांत सह्याद्रीचा कणा आहे. १६४६ मीटर उंचीचें, राज्यांतील सर्वांत उंच असें कळसूबाईचें शिखर, तसेच रतनगड आणि हरिश्चंद्रगड हे याच तालुक्यांतले. तेथें पाऊस उदंड, पण सपाट जमीन मुठीएवढी. म्हणून डोंगराच्या उतारावर दगडमातीचे बांध घालून पायरीपायरीनें खाचरें केलेलीं असतात. खाचरांतलें पाणी बांधाच्या आधारानें उभें राहतें. बांधाला एक खिंडार पडलें कीं तें पाणी खालच्या खाचरांत कोसळतें, तेथलाहि बांध कमकुवत करतें, आणि पाण्याबरोबर माती जाते. तुडविलेलीं चार रोपें कदाचित् पुन्हां उभीं राहतील; वाहून गेलेली माती परत येत नाहीं. पाहुण्याला जें एक पाऊल वाटतें, तें मालकाला पिढ्यांच्या मेहनतीवर पडलेलें पाऊल वाटतें.

पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे चित्र बदलतें. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या अवर्षणाच्या भागांत रब्बीची ज्वारी म्हणजे घरचें धान्य आणि गुरांची वैरण. हुरड्याच्या दिवसांत वाटेनें जाणाऱ्या प्रत्येकानें दोन दोन कणसें मोडलीं, तर वाटेकडच्या ओळींत राखण्यासारखें कांहीं उरत नाहीं. राहुरी, श्रीरामपूर, नेवासें या कालव्यांच्या पट्ट्यांत ऊस उभा असतो. तेथें वाळल्या पाचटांत पडलेली विडीची एक ठिणगी सबंध फड जाळूं शकते. नुकसानीचा प्रकार जागोजागीं निराळा. पण तें करणाऱ्याला तें दिसत नाहीं, ही गोष्ट सगळीकडे सारखी.

मग चालणाऱ्यानें चालावें तरी कोठून? याचें पहिलें उत्तर गांवाच्या नकाशांत सांपडतें. मुंबई इलाख्यांतील जमिनीची पद्धतशीर मोजणी १८३५ च्या सुमारास इंदापूर भागांत सुरू झाली आणि पुढें इलाखाभर पसरली. या मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. गांवनकाशांत दुहेरी तुटक रेघ गाडीवाट दाखविते आणि एकेरी तुटक रेघ पायवाट. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे बरोबर पाव साखळी, धरलेली असते. अशा नोंदलेल्या वाटेनें जाण्यायेण्याबद्दल सहसा वाद होत नाहीं. परंतु गडाकडे, टेकडीवरच्या देवाकडे किंवा पाणवठ्याकडे जाणाऱ्या कितीतरी वाटा नकाशांत उमटलेल्याच नाहींत. त्या केवळ वहिवाटीवर आणि मालकांच्या सोशिकपणावर चालू राहिलेल्या असतात.

यांत आणखी एक घोटाळा होतो. हरिश्चंद्रगड-कळसूबाई अभयारण्य १९८६ सालीं जाहीर झालें. वनखात्याच्या नाक्यावर पैसे भरले म्हणजे सगळा डोंगर मोकळा झाला, अशी शहरांतल्या पाहुण्याची समजूत होते. पण या डोंगरांत वाड्या आहेत, आणि वाडीतल्या माणसांची खाजगी शेती आहे. नाक्यावरची पावती जंगलापुरती, खाचरापुरती नव्हे.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहिलें पाहिजे. परक्याच्या जमिनींत पाऊल टाकतांच मनुष्य गुन्हेगार होतो, असा समज मालकांत पुष्कळ आढळतो. तो बरोबर नाहीं. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणें, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमाप्रमाणेंहि, अतिक्रमण हा गुन्हा ठरण्यास मनांत हेतु असावा लागतो: अपराध करण्याचा, अथवा कबजेदाराला धाक घालण्याचा, त्याचा अपमान करण्याचा किंवा त्याला त्रास देण्याचा. वाट चुकून आलेल्याच्या मनांत असा हेतु नसतो. मात्र आरंभीं निर्दोषपणें आलेला मनुष्यहि, मालकानें निघून जाण्यास सांगितल्यावर, त्याला डिंवचण्यासाठीं तेथेंच ठाण मांडून बसला, तर गुन्ह्याच्या कक्षेंत येतो. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

उलट, नुसतें चुकणें गुन्हा नसलें म्हणून वाटसरूला तेथें हिंडण्याचा हक्क मिळतो, असेंहि नाहीं. परवानगीवांचून शिरणें ही दिवाणी चूक राहतेच, आणि केलेल्या नुकसानीची भरपाई मालकाला मागतां येते. मालक त्याला बाहेर जाण्यास सांगूं शकतो. पण कोंडून ठेवणें, मारहाण करणें, सामान हिसकावून घेणें किंवा धाक दाखवून पैसे उकळणें यांचा अधिकार सातबाऱ्यावरचें नांव देत नाहीं. म्हणजे कायदा दोघांनाहि थोडेंथोडें आवरतो. भांडणाच्या वेळीं मात्र प्रत्येकाला दुसऱ्याचाच आवर आठवतो.

तरीहि एक प्रश्न उरतो. कांहीं वेळां नुकसान कवडीचें नसतें. पीक निघालेलें असतें, रान मोकळें असतें, आणि तरी मालक काठी घेऊन धांवतो. हा राग पायाखालच्या मातीबद्दल नसतो. त्याच्या मुळाशीं वाट पडण्याची भीति असते. १८८२ चा ईझमेंटचा कायदा १८९१ सालीं मुंबई इलाख्यास लागू झाला. त्यांत असें तत्त्व आहे कीं, एखादी वाट उघडपणें, शांततेनें, अडथळ्यावांचून आणि हक्कानें वीस वर्षें वापरली, तर तिच्यावर कायमचा हक्क जडूं शकतो. शिवाय १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याप्रमाणें शेतावर जाण्याची रूढ वाट कोणी अडविली, तर सहा महिन्यांच्या आंत दाद मागून ती खुली करून घेतां येते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमान्वयें, शेताला जाण्यास वाट नसलेल्या खातेदाराला दुसऱ्याच्या बांधावरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदार करतो. वांटण्या होऊन होऊन जमिनीचे तुकडे झाले आहेत, आणि बांधावरचे दावे पिढ्यान् पिढ्या चालतात. अशा ठिकाणीं मालकाला प्रत्येक मळलेली रेघ उद्याचा दावा वाटते. आज पाहुणे गेले, उद्यां शेजारी बैल घेऊन जाईल आणि परवां "ही तर पूर्वापार वाट" म्हणून कचेरींत उभा राहील, ही त्याची धास्ती. ती सर्वस्वीं पोकळ नाहीं.

परंतु त्याच कायद्यांत या भीतीचा उताराहि आहे. पहिली गोष्ट अशी कीं, वाटेचा हा हक्क जमिनीला जडतो, माणसाला नव्हे; ज्याची त्या गांवांत वीतभरहि जमीन नाहीं, त्या प्रवाशाला तो अशा रीतीनें मिळूंच शकत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. परवानगीनें केलेल्या वापराचा हक्क होत नाहीं. मालकानें "जा" म्हटलें म्हणून जो गेला, तो हक्कानें गेला नाहीं. तो मालकाच्या मर्जीनें गेला, आणि ही मर्जी केव्हांहि परत घेतां येते. तेव्हां "मामा, इथून जाऊं का?" हे चार शब्द म्हणजे केवळ सभ्यता नव्हे. त्या शब्दांनीं विचारणारा जमिनीवरची मालकी मान्य करतो, आणि होकार देणाराचा हक्क अबाधित राहतो. विचारल्यानें वाटसरूचें कांहीं जात नाहीं. न विचारल्यानें मालकाचें कांहींतरी जाईल अशी शंका उरते. बहुतेक भांडणें या न विचारलेल्या प्रश्नाचीं असतात.

इतर देशांनीं हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला. इंग्लंडांत २४ एप्रिल १९३२ रोजीं किंडर स्काऊट नांवाच्या माळावर शेंकडों चालणारे मुद्दाम शिरले. जमीनदारांच्या राखणदारांशीं झटापट झाली आणि पांच तरुणांना तुरुंगवास भोगावा लागला. पुढें १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा व रानांत प्रवेशाचा कायदा झाला, आणि २००० सालच्या कायद्यानें इंग्लंड-वेल्समधील डोंगर, माळ व पडिक रान पुष्कळ अंशीं पायीं चालणाऱ्यांस खुलें केलें. पण तेथें झगडा होता तो शिकारीसाठीं राखलेल्या मोठमोठ्या मालकांच्या ओसाड माळांबद्दल. अकोल्याच्या डोंगरांतला मालक म्हणजे चार खाचरांवर पोट भरणारा कुणबी किंवा महादेव कोळी. म्हणून तिकडचा हक्क इकडे जसाच्या तसा लावणें न्यायाचें होणार नाहीं.

शिवाय येथें मागून चालण्याची रीत जुनी आहे. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपुरास जातांना याच जिल्ह्यांतून जाते. उतरण्याच्या जागा, पाणी, सांवली हें सर्व गांवाच्या राजीखुशीनें मिळतें. वारकरी रान तुडवीत जात नाहीं, आणि गांवकऱ्याला तो परका वाटत नाहीं.

तेव्हां वाट चुकल्याचें ध्यानांत आल्यावर करायचें तें फार थोडें आहे. पुढें रेटूं नये. आल्या पावलीं मागें फिरावें. जाणें भागच असेल तर एकामागून एक, पिकाच्या कडेनें जावें. पावसाळ्यांत भाताच्या ओल्या बांधावर चढूं नये. सरकविलेली कांटी किंवा उघडलेलें फाटक पुन्हां जसेंच्या तसें लावावें, नाहीं तर मागून गुरें शिरतात आणि दोष पाहुण्याच्या नांवावर लागतो. मालक दिसतांच त्यानें हांक मारण्यापूर्वीं आपण मारावी. नुकसान झालें असेल तर तें कबूल करून भरून द्यावें. कलमें ऐकवूं नयेत. आणि ज्याच्या शेतावरून गडाची वाट जाते त्यानेंहि वळणावर एक दगड चुन्यानें रंगवून खरी वाट दाखविली, तर त्याच्या वर्षभराच्या आरोळ्या वांचतील.

बारीच्या त्या खाचरांत ढासळलेली कड पाहून वाटसरू खालीं उतरला आणि "चुकलं मामा, माती कुठं लावूं?" म्हणाला, तर वरून येणारें उत्तर बहुधा निराळें असतें: "राहू द्या, मी लावतो. तुम्ही त्या आंब्याखालनं जा." कळसूबाईची वाट मग कोणीं अडवीत नाहीं.