गृह-मत्स्यालयातील प्रवाळाचे आजारपण : जलरसायनाच्या आधारे निदान

प्रस्तावना :
प्रवाळ हा प्राणी असला तरी अन्नासाठी तो आपल्या ऊतकांतील सहजीवी शैवलावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. सांगाड्यासाठी लागणारे कॅल्शियम व कार्बोनेट मात्र तो भोवतालच्या पाण्यातून घेतो. समुद्रात हा साठा अमर्याद असतो. दोनशे लिटरच्या काचेच्या टाकीत तो काही दिवसांतच खालावतो. त्यामुळे प्रवाळ आजारी दिसू लागताच रोगजंतूंआधी पाण्याचा विचार करणे इष्ट ठरते. हा छंद प्रामुख्याने अमेरिका व युरोपात रुजला आहे. आपल्याकडे २००१ साली सर्व कठीण प्रवाळांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला असून मालवणच्या समुद्रातील प्रवाळाचा तुकडा तोडून आणणे हा गुन्हा आहे, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. तथापि बंदिस्त पाण्याचे रसायन वर्गात समजावून देण्यासाठी याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

लक्षणांचे वाचन :
प्रवाळ 'पांढरा पडला' या एकाच शब्दप्रयोगात दोन भिन्न अवस्था दडलेल्या असतात. विरंजनात शैवल निघून जाते, परंतु पारदर्शक ऊतक सांगाड्यावर शाबूत असते. अशा वेळी तापमान आणि प्रकाश प्रथम तपासावेत. ऊतकक्षयात मात्र ऊतकच गळून पडते व सांगाडा उघडा होतो. अॅक्रोपोरासारख्या शाखायुक्त प्रवाळात हा क्षय बहुधा बुंध्यापासून वर सरकतो. प्रस्तुत विवेचन मुख्यतः या दुसऱ्या अवस्थेविषयी आहे.

लवणता :
पहिली तपासणी लवणतेची करावी, कारण इतर सर्व आकडे तिच्यावर अवलंबून असतात. समुद्राच्या पाण्याची लवणता सुमारे ३५, म्हणजे दर किलोग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम क्षार इतकी असते. त्यात कॅल्शियम सुमारे ४१० व मॅग्नेशियम सुमारे १२९० मि.ग्रॅ./लिटर असते. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. दोनशे लिटरपैकी दहा लिटर पाणी उडाले आणि भर घातली नाही, तर लवणता ३५ वरून ३७ च्या जवळ जाते. ही भर शुद्ध गोड्या पाण्याची असावी, खाऱ्या पाण्याची नव्हे. उलटपक्षी, कॅल्शियम, मॅग्नेशियम व अल्कता ही तिन्ही एकाच प्रमाणात कमी आढळली, तर दोष प्रवाळाच्या भुकेचा नसून मीठ कमी पडल्याचा आहे असे समजावे.

अल्कता :
खरी मेख येथे आहे. कॅल्शियम ४२० आले, सामूही ठीक आला, म्हणून पाणी उत्तम आहे असा निष्कर्ष अनेकजण काढतात. परंतु सांगाडा तयार होताना अल्कता १ मिलिइक्विव्हॅलंटने घटते तेव्हा कॅल्शियम केवळ २० मिलिग्रॅमने घटते. छंदिष्ट ज्या जर्मन अंशांत (डीकेएच) अल्कता मोजतात, त्यात बोलायचे तर १ अंश घटला की कॅल्शियम सुमारे ७ मिलिग्रॅमने उतरते. ८ मधून १ जाणे ही साडेबारा टक्के घट होय. ४२० मधून ७ जाणे दोन टक्केही नव्हे, आणि साध्या चाचणी-संचाला ती बहुधा दिसतही नाही. म्हणून कॅल्शियमचा आकडा स्थिर असतानाही प्रवाळ कार्बोनेटच्या टंचाईत असू शकतो. यावर उपाय म्हणजे सलग चार दिवस, एकाच वेळी, अल्कता मोजून रोजचा खप काढणे.

भरपाईचे गणित सोपे आहे. दोनशे लिटर पाण्यात ६ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, अल्कता १ अंशाने वाढवतो. एका दिवसात याहून अधिक वाढ करू नये. अल्कतेच्या अचानक चढउताराने प्रवाळाला झालेला अपाय कित्येकदा मूळ कमतरतेपेक्षा अधिक असतो. कॅल्शियम क्लोराइडची भर घालायची असल्यास ती वेगळ्या वेळी घालावी, अन्यथा पांढरा साका बसतो. इतके करूनही दोन्ही आकडे टिकत नसतील तर मॅग्नेशियम पाहावे.

पोषद्रव्ये व इतर कारणे :
नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर आणणे हेच ध्येय, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. साउदॅम्प्टन विद्यापीठातील विडेनमान व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की नायट्रेट मुबलक व फॉस्फेट अपुरे असेल तर प्रवाळाची विरंजनप्रवणता वाढते. अतिस्वच्छ पाण्याचा अट्टहास, प्रस्तुत लेखकाच्या मते, निम्म्या उपचारांइतकाच घातक आहे. तांब्याविषयी मात्र तडजोड नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरील ताम्रयुक्त औषध प्रवाळाच्या टाकीत कदापि घालू नये. ते चुनखडीच्या खडकात व वाळूत मुरून राहते. पाणी निर्दोष आढळल्यास रात्री विजेरीच्या प्रकाशात फांद्यांचे बुंधे पाहावेत. अॅक्रोपोरा खाणारे चपटे कृमी रंगाने इतके मिळतेजुळते असतात की कृमीपेक्षा त्याने कुरतडल्याचे फिकट डागच आधी नजरेस येतात.

एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा कशाने गुण आला हे कळत नाही. याला अपवाद एकच. ऊतक तासांगणिक गळत असेल तर पाणी सुधारण्याची वाट न पाहता, क्षयाच्या सीमेपासून दोन-तीन सेंटिमीटर वर निरोगी फांदी कापून ती वेगळ्या दगडावर चिकटवावी.