खरखर नेमकी येते कुठून?

वेल्समधलं अबरहोसन हे छोटंसं गाव दीड वर्ष एका कोड्याने हैराण होतं. सकाळचे ७ वाजले, की गावाचं इंटरनेट कोलमडायचं. केबलचं जाळं सांभाळणाऱ्या ओपनरीच कंपनीने बरीचशी केबल बदलली, तरी फरक पडेना. शेवटी तिचे इंजिनिअर पहाटे ६ वाजता, भर पावसात स्पेक्ट्रम अॅनालायझर हे विद्युतलहरी टिपणारं यंत्र घेऊन गावभर फिरले. ७ च्या ठोक्याला यंत्राने नेमकं घर दाखवलं. तिथला जुना, सेकंडहँड टीव्ही सुरू होताना विद्युतलहरींचा मोठा झटका बाहेर फेकत होता. २०२० मध्ये ही हकिकत जगभर पोहोचली.

ज्याला त्रास होतो तेच यंत्र बिघडलंय, असं मानून लोक दुरुस्तीवर पैसे घालतात. अबरहोसनमध्ये केबलचं तेच झालं.

दुसरा गैरसमज असा, की रेडिओवरची खरखर मोबाइल टॉवरमुळे येते. टॉवरच्या लहरी शेकडो मेगाहर्ट्झच्या पुढच्या; मीडियम वेव्ह रेडिओचा पट्टा साधारण अर्ध्या ते दीड मेगाहर्ट्झचा. तिथली खरखर बहुधा एलईडी दिवा, चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अॅडॅप्टर यांच्याकडून येते. यांच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा वीज जोडतं नि तोडतं. त्यातून उठणारा गोंगाट अडवायला फिल्टर लागतो आणि स्वस्त मालात पुष्कळदा नेमका तोच गाळलेला असतो. फोन काढून घेतला तरी बटण चालू असेपर्यंत चार्जर जागाच राहतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

शोधाला महागडं यंत्र लागत नाही. सेलवर चालणारा रेडिओ मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधे लावावा. खरखर ऐकू येत असताना मेन स्विच पाडावा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायला हवा. वीज जाताच तो सुरू होतो आणि कित्येकदा खरा गोंगाट त्याचाच असतो. आवाज थांबला, तर उगम घरातच. मग सगळे एमसीबी पाडून मेन स्विच चढवायचा, एकेक एमसीबी चढवत जायचं, आणि ज्या एमसीबीवर खरखर परतेल त्यावर चालणाऱ्या वस्तू एकेक करून प्लगमधून काढायच्या. दिवाणखान्यातल्या शोभेच्या एलईडी पट्टीजवळ रेडिओ नेला आणि तो अचानक किंचाळला, असा अनुभव हमखास येतो.

चार्जरला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळणं मात्र व्यर्थ आणि धोक्याचं. गोंगाट मुख्यतः वायरीतून पसरतो, वायरच त्याची अँटेना होते. चार्जरच्या अगदी जवळ वायरीवर फेराइट या चुंबकीय पदार्थाचं कडं बसवलं की पुष्कळदा गोंगाट उतरतो. नाहीतर अॅडॅप्टरच बदलावा.

सगळं बंद करूनही खरखर राहिली, तर उगम बाहेर: शेजारचं घर, नाहीतर खांबावरचा ढिला जोड. रेडिओ आडवा धरून हळूहळू फिरवला, की एका दिशेला आवाज सर्वांत मंद होतो. तेव्हा रेडिओच्या आतली अँटेना, म्हणजे फेराइटची कांडी, एका टोकाने उगमाकडे रोखलेली असते. रोख खांबाकडे जात असेल, तर त्याला हात न लावता खांबाचा क्रमांक टिपून वीज कंपनीत तक्रार नोंदवावी.