होळीनंतर नदीला हात लावायचा नाही

पाणलोटातली माणसं : भाग ६

जलसंधारणाच्या बहुतेक यशोगाथा एका ठरलेल्या जागी येऊन थांबतात. बांध घातले, विहिरींना पाणी आलं, नदी वाहू लागली, मंत्र्यांच्या हस्ते जलपूजन झालं. राजस्थानातल्या अरवरी नदीच्या काठी मात्र खरी कटकट नदी वाहू लागल्यावरच सुरू झाली. या भागाचा विषय तीच कटकट आणि तिच्यावर सत्तरेक गावांनी काढलेला तोडगा.

अरवरी तशी चिमुकली, लांबी अवघी ४५ किलोमीटर. अलवर जिल्ह्यात, सरिस्का व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी, अरवलीच्या डोंगरात भांवता आणि कोल्याळा ही जोडगावं आहेत. त्यांच्या माथ्यावर ती उगम पावते. पाऊस वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या नगर-सोलापूरकडच्यासारखाच, आणि तोही मोजक्या झडींत पडून मोकळा होणारा. १९८०च्या दशकात इथले डोंगर उघडेबोडके झाले होते, जुने तलाव गाळानं भरले होते आणि सरकारी दफ्तरात या भागाची नोंद ‘डार्क झोन’ अशी होती. भूजलाचा उपसा हाताबाहेर गेला की तेव्हा हा शिक्का बसायचा. तरणी माणसं मजुरीसाठी शहरांकडे गेलेली, मागे म्हातारी, बाया आणि पोरं. नदी फक्त नकाशावर आणि पावसाळ्यातल्या चार दिवसांपुरती.

१९८५मध्ये तरुण भारत संघ या संस्थेचे राजेंद्रसिंह या भागात आले. आयुर्वेदाची पदवी घेतलेला, जयपूरची सरकारी नोकरी सोडलेला हा तरुण दवाखाना आणि शाळा चालवायच्या बेतात होता. गोपालपुरा गावातल्या एका वयस्कर शेतकऱ्यानं त्याला सरळ सांगितलं, की ते सगळं नंतर बघू, आधी पाण्याचं काही कर. मग कुदळ-फावडी निघाली आणि गावाचा जुना जोहड उकरायला सुरुवात झाली. बांध उभा राहिला, पाणी अडलं आणि पाठोपाठ पाटबंधारे खात्याची नोटीस आली! १९५४च्या कायद्यानुसार हे बांधकाम बेकायदा, काढून टाका. ज्या नाल्यातून वर्षानुवर्षं माती वाहून गेली, त्याची मालकी सांगायला खातं बांध झाल्यावरच उगवलं. गाव हटलं नाही, बांध राहिला.

जोहड म्हणजे उताराला आडवा घातलेला, चंद्रकोरीच्या आकाराचा मातीचा बांध. वरची बाजू मोकळी, त्यामुळे डोंगरावरून येणारं पाणी त्याच्या पोटात साचतं. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाझर तलाव खोदले गेले; काम त्याच जातीचं. जोहडातलं पाणी थेट शेताला द्यायचं नसतं. ते काही आठवडे उभं राहतं, गुरं पितात आणि बाकीचं खडकांच्या भेगांतून खाली उतरतं. जोहड रिकामा झाला की त्याच्या गाळावर गहू-हरभरा पेरता येतो. पाण्याची खरी जमा शेजारच्या विहिरींत दिसते.

नदी बारमाही होण्याचं गणितही इथेच आहे. विहिरींतल्या पाण्याची पातळी म्हणजे त्या परिसरातल्या भूजलाची पातळी. ती नदीच्या तळापेक्षा खाली असेल, तर नदीत आलेलं पाणीही जमीन पिऊन टाकते. पातळी तळाच्या वर चढली की उलटं होतं, काठांतून झिरपा सुरू होतो आणि पाऊस थांबल्यावरही पात्रात धार राहते. एका गावाच्या दोन-चार बांधांनी हे घडत नाही. उगमाकडच्या भांवता-कोल्याळापासून खालपर्यंत पाणलोटात साडेतीनशेहून अधिक लहानमोठी बांधकामं झाली, गावांनी श्रमदानाचा वाटा उचलला, डोंगरावर कुऱ्हाडबंदी केली. १९९०मध्ये पावसाळा सरल्यावरही अरवरीत पाणी दिसलं. १९९५पर्यंत ती बाराही महिने वाहू लागली.

पाणी आलं तसे मासे आले. माशांच्या मागोमाग सरकार आलं. १९९६मध्ये मत्स्यखात्यानं नदीतल्या मासेमारीचा ठेका एका ठेकेदाराला देऊन टाकला. नदीकाठच्या हमीरपूर गावच्या लोकांनी सत्याग्रह केला आणि ठेका रद्द करायला लावला. आज मासे विकले, उद्या पाणीही विकतील, ही त्यामागची धास्ती होती. या लढाईत गावं जिंकली खरी, पण त्यातून एक अवघड प्रश्न त्यांच्याच दारात येऊन बसला. नदी सरकारची नाही म्हणता, मग कोणाची? वरच्या गावानं इंजिनं लावून ती उपसली तर खालच्यानं कोणाकडे जायचं?

गावकीची पद्धत गावाच्या शिवेपर्यंतच चालते. पाणलोटाला शीव नसते. म्हणून २६ जानेवारी १९९९ रोजी हमीरपूरला अरवरी संसद भरली. सत्तरेक गावांचे प्रतिनिधी, वर्षातून दोनदा बैठक, उगमाकडचे आणि खालचे एकाच जाजमावर. नाव संसद असलं तरी पोलीस नाही, कोर्ट नाही, कायद्याच्या पुस्तकात तिची नोंदही नाही. पुढच्याच वर्षी, मार्च २०००मध्ये, राष्ट्रपती के. आर. नारायणन भांवता-कोल्याळाला येऊन गावाचा सन्मान करून गेले; जशा कामावर एकेकाळी गोपालपुऱ्यात सरकारी नोटीस निघाली होती, तशाच कामाचा.

संसदेचे नियम वाचले की कळतं, ते शेतकऱ्यांनी केलेत. होळीपासून पावसाळा सुरू होईपर्यंत नदीतून थेट पाणी उपसायचं नाही. ऊस लावायचा नाही, भात करायचा नाही. जमीन बाहेरच्यांना विकायची नाही. हिरवं झाड तोडायचं नाही, खाणी येऊ द्यायच्या नाहीत, शिकार बंद, बाहेरचे कळप चराईला येऊ द्यायचे नाहीत. यातला होळीचा नियम विशेष हुशारीचा आहे. लिटर मोजायला मीटर लागतो आणि मीटर वाचायला माणूस लागतो. तारीख पाळायला यातलं काहीच लागत नाही. होळी पेटलेली सगळ्यांना दिसते आणि त्यानंतर नदीकाठी इंजिन सुरू झालं तर ते सगळ्यांना ऐकूही येतं.

या मालिकेच्या सुरुवातीला नायगावच्या पाणी पंचायतीचा उल्लेख आला होता. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी जमिनीशी न बांधता माणसाशी बांधलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, भूमिहीनालाही हक्क आणि ऊस बंद. अरवरीनं एवढी टोकाची वाटणी केलेली नाही. ज्याची जमीन आणि विहीर नदीकाठी, त्याचा फायदा तिथे आजही जास्त. न्यायाच्या कसोटीवर नायगाव पुढे आहे. पण नायगावची योजना एकेका गटापुरती होती आणि अरवरीनं अख्खी नदी एका सभेत आणली. महाराष्ट्रात माथा ते पायथा काम झालेली गावं पुष्कळ आहेत. एका नदीवरची वरची-खालची गावं पीक ठरवायला एकत्र बसतात, असं चित्र विरळाच.

या प्रयोगाची स्तुती भरपूर झाली आहे. २००१मध्ये राजेंद्रसिंहांना मॅगसेसे आणि २०१५मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. म्हणून दुसरी बाजूही मांडायला हवी. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी अरवरीच्या पाणलोटात प्रत्यक्ष मोजमाप केलं, तेव्हा या बांधकामांतून जमिनीत मुरणारं पाणी सरासरी पावसाच्या सात टक्क्यांच्या घरात निघालं. कोरडवाहू मुलखात ते दुष्काळात टेकू देण्याइतकं मोलाचं आहे. पण बांध वाढवत गेलं की नदीतून खाली जाणारं पाणी घटतं, हेही त्याच अभ्यासात दिसलं. २००१मध्ये शेजारच्या रूपारेल नदीच्या पाणलोटात लावा का बास गावानं बांध घातला, तेव्हा पाटबंधारे खात्यानं अलवर आणि भरतपूर संस्थानांमधला १९१०चा पाणीवाटपाचा करार पुढे केला. खात्याची अरेरावी जुनीच, पण खाली भरतपूर आहे हा मुद्दा खोटा नव्हता. तो बांध २००३च्या पावसात फुटला, ही नोंदही विसरता कामा नये.

आणि एक मोठी फट नियमांतच आहे. होळीनंतर नदीतून उपसा बंद, पण काठापासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरीचं काय? झिरप्याचं गणित वर आलंच आहे. विहीर आणि नदी एकाच पाण्यावर चालतात. नदीवरचं इंजिन सभेला ऐकू येतं, विहिरीतली मोटर मात्र घरची बाब ठरते. सभेनं पीक ठरवून या उपशाला काही प्रमाणात लगाम घातला, पण प्रत्येक विहिरीची पातळी मोजून, वहीत लिहून, तिच्या हिशेबानं रब्बी ठरवण्याची पद्धत वेगळ्याच मुलखात रुजली. तेव्हाच्या अविभाजित आंध्रातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांमधल्या शेतकऱ्यांनी दोर आणि पर्जन्यमापक हातात घेऊन ते कसं केलं, ते पुढच्या भागात.