जखमी मांजर, ऊब आणि एक गोळी

डिसेंबरच्या रात्री सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदा-शहादा भागात चांगलाच गारठा पडतो. अशा वेळी मोटारीचा धक्का लागलेले मांजर रस्त्याकडेला पडले, तर त्याला जखमेबरोबर थंडीचाही धोका असतो. असे का?

१० सें.मी. बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६०० चौ.सें.मी. व घनफळ १००० घ.सें.मी. बाजू निम्मी केली, की हे आकडे १५० व १२५ होतात. म्हणजे घनफळाच्या मानाने पृष्ठभाग दुप्पट झाला. उष्णता पृष्ठभागातून बाहेर जाते. म्हणून लहान शरीर लवकर निवते. मांजराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. रक्त गेल्यावर ते टिकवणे त्याला जड जाते.

तेव्हा त्याला जाड टॉवेलात अलगद उचलून खोक्यात ठेवा. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. मोडलेला पाय ओढू नका.

दया येऊन आपली पॅरासिटामॉलची गोळी मात्र कधीही देऊ नका. हे औषध निरुपद्रवी करणारे विकर मांजराच्या यकृतात फारच थोडे असते. त्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिन बिघडते, प्राणवायू वाहून नेईनासे होते आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकते. औषध पशुवैद्यच ठरवतील.

ते चावले वा ओरबाडले, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजर वाचवताना आपणही वाचले पाहिजे!